वैशाखापूर्वी गायरी उघडू नये

मी, आनंदी रविकांत घाडी, वय एकाहत्तर, राहणार मौजे आंबेखोल, तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. खुब्याचं हाड मोडल्यापासून चार महिने मी खाटेवर आहे. पाय गेले, डोकं जाग्यावर आहे. मला कोणी फूस लावलेली नाही. तसा माणूस अजून जन्मायचा आहे.

१. राहतं घर व मागची चौदा गुंठे जमीन मुलगा सिद्धेश यास. मुलगा मायेचा आहे, पण शेण म्हटलं की आधी हातमोजे शोधतो.

२. माझ्या दोन पाटल्या सून नम्रता हिला. चार महिने तिने माझं सगळं केलं. मी मात्र तिच्या भाकरीला नावं ठेवली. चुकलंच माझं.

३. चांदी गाय, आणि फणसाखालची गायरी, म्हणजे शेणखताचा खड्डा, आतल्या खतासह शेजारच्या शेवंतीला. तिने काजूच्या कलमांसाठी वीस खड्डे खणून ठेवलेत आणि खत देईन असा मी शब्द दिलाय. मी पडल्यापासून गोठा तीच काढते. शेण, गुरांखालचा भिजका पाला, राख, वर माती, असे थर तिने मी खाटेवरून सांगितले तसे घातले. खत वैशाखात होईल. तोवर गायरी उघडू नये. हातात भुसभुशीत आणि गार लागलं, वास गेला, की ते खत. त्याआधी नुसतं शेण.

४. हे कलम वाटपाचं नाही. लग्नानंतर नवव्या वर्षी ह्यांनी सरकारी योजनेतून हापूसची पंचवीस कलमं आणली. हे तापाने पडलेले, म्हणून खत मी घातलं. घाईने, कच्चं. मुळं भाजली, मुळं खाणारी हुमणीची अळी लागली, पंचवीसच्या पंचवीस मेली. ओरोसहून शेतीखात्याचे साहेब पाहणीला आले तेव्हा हे म्हणाले, "खत मीच घातलंय." साहेब चारचौघांत नको ते बोलले. मी दारामागे उभी होते, बाहेर आले नाही. नंतर मला हे एवढंच म्हणाले, "कुजाक वेळ देवूक व्हयो गो." आता हे नाहीत. चूक माझी होती, हे सांगू कोणाला? म्हणून इथे लिहिते.

५. वरचं सगळं काल लिहिलं. आज सकाळी खळ्यात जेसीबी आला. सिद्धेश म्हणाला, "आये, डाक्टरान सांगल्यान, ह्या वासान तुझी धाप वाढता. गायरी उपसून टाकतंय. देवगडचो एक बागवालो फुकट नेता."

"मेल्या, ता कच्चा आसा! शेवंतीचा आसा ता!"

तो तोवर बाहेर गेला होता. मी ओरडत राहिले. त्या यंत्रापुढे माझा आवाज तो केवढा! आता ते कोणाच्या झाडांच्या मुळाशी पडेल देव जाणे. शेवंती कुंपणाशी घमेलं घेऊन उभी होती. दुसऱ्याच्या खळ्यात ती कशी अडवणार? सिद्धेशला दिसलं की मी ओरडतेय. त्याला वाटलं, वास सोसवत नाही. धावत आला आणि माझ्यासाठी खिडकी लावून घेतली.

शेवंतीला द्यायला आता गाय तेवढी उरली. तरी कलम तीन कोणी खोडू नये.

आनंदी रविकांत घाडी
(स्वहस्ते सही)

आमच्यासमोर सही केली:
१. कौस्तुभ मेस्त्री, शेजारी
२. वर्षाली परब, आशा सेविका

मौजे आंबेखोल, १० डिसेंबर २०२४