साहेब आणि खाजकुइली

पोशीर, डिसेंबर १९७८, संध्याकाळ

मुंबईकरांना आमचं रान दाखवावं म्हणून दोन वर्षांपूर्वी अर्ज घेऊन गेलो होतो. पर्यटनाच्या साहेबांनी त्यावर शंखाचा पेपरवेट ठेवला आणि हसले. "समुद्र कुठाय तुमच्याकडे? लोकांना वाळू लागते." तो शंख अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आज तेच साहेब रान बघायला आले. दमले आणि खाजकुइलीच्या वाळल्या शेंगांखाली जाऊन टेकले. वाटाड्या कोंडू कुजबुजला, "मास्तर, सांगायचं नाय का?" मी गप्प राहिलो. चुकलं का माझं? नाही वाटत.

थोड्या वेळानं मान-पाठ खाजवत साहेब ओरडले, "पाणी कुठाय?"

"समुद्र तर नाही, साहेब. शेण आहे. खाज त्यानंच जाते."

उपाय मात्र खरा सांगितला. शंख ठेवणाऱ्या त्याच हातानं त्यांनी शेण मानेला चोळलं.