नियर कलावती फ्लोअर मिल

३ नोव्हेंबर, सोमवार
गुडघा सकाळपासून धरलाय. गिरणीवर दहा-बारा डबे, निम्मे गव्हाचेच. ज्वारी आता कोण दळतंय? पिशवीतलं पीठ आणतात आणि भाकरी चिरली की पिठाला नावं ठेवतात.
अनिताचा कुर्डुवाडीहून फोन. तेच. आई, वीक की गिरणी आता, इकडं येऊन राहा. एकुलती एक लेक, तिला तोडून बोलता येत नाही. जागा बघून गेलेला माणूस गिरणी पाडून तीन मजले काढणार म्हणतो. चोवीसला सही करायचं ठरलंय. ठरलं म्हणजे मी नको म्हणाले नाही, एवढंच.

४ नोव्हेंबर, मंगळवार
आमच्या गल्लीतले सर आले. दर मंगळवारी दोन किलो ज्वारी, तीस वर्षं झाली. हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. आता ऐंशीला टेकले, त्यांच्या बाई जाऊन चार वर्षं, घरात एकटेच. दळण होईस्तोवर पोत्यावर बसून मला इंग्रजी शिकवतात. मी चौथीतून सुटलेली. ही वही पण त्यांनीच दिली, रोज चार ओळी लिहा म्हणून. रोज कोण लिहितंय. जमेल तसं.
गिरणी विकणार म्हणून सांगितलं. मग म्हणाले, "कलावतीबाई, मग गल्लीच्या पत्त्याचं काय करायचं?"
हे काय माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सगळ्यांच्या पत्त्यात मी आहे. लाईटबिल, आधार कार्ड, शेजारच्या नरसम्माच्या नातवाचा पासपोर्ट. नियर कलावती फ्लोअर मिल.

६ नोव्हेंबर, गुरुवार
परवापासून तेच डोक्यात.
आधी गल्लीचा पत्ता लिंबाच्या झाडाजवळ असा होता. झाड रस्त्यात गेलं, तरी दोन वर्षं लोक झाडाजवळच सांगायचे आणि पाहुणे झाड हुडकत बसायचे. मग ह्यांनी गिरणी टाकली. पाटी रंगवून घेतली, माझ्या नावाची. आपलं नाव नाही घातलं म्हणून सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. कुणाशीच. ह्यांना काय, हे पीठ झटकत हसायचे.
मग नरसम्माच्या नणंदेची लग्नपत्रिका आली. पोस्टमननं पत्ता मोठ्यानं वाचला आणि माझ्याकडं बघितलं. मला नियर म्हणजे काय ते कळेना. सरांना विचारलं. नियर म्हणजे जवळ. एवढी माणसं आपल्या जवळ राहतात हे इंग्रजीत छापलेलं बघून त्या दिवशी माझी भाकरी करपली. पंचविशीत होते. ह्यांनी करपलेली खाल्ली, एक शब्द नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
सर दळण घेऊन आले आणि नियरची कुळकथा सांगितली. लिहून ठेवते.
जुन्या इंग्रजीत जवळला निराळाच शब्द होता, तो आता कुणी वापरत नाही. नियर म्हणजे खरं तर "त्याहून जवळ". आणि नेक्स्ट म्हणजे "सगळ्यात जवळ". पुढं लोक विसरले. नियरला नुसतं जवळ म्हणायला लागले, मग त्याहून जवळ म्हणायला नियरर काढावा लागला.
मी म्हणाले, इंग्रजांना पण जवळ असलेलं पुरत नव्हतं म्हणायचं. हसले. डोळ्यात पाणी येईस्तोवर.
दवाखान्यात ती पोरगी खिडकीतून नेक्स्ट, नेक्स्ट म्हणून ओरडते ते मला नेहमी ढकलून दिल्यासारखं वाटायचं. ते मुळात सगळ्यात जवळचा होतं म्हणे. आम्ही आपलं म्हणतो पुढचा डबा.
शेजाऱ्याच्या इंग्रजी शब्दात पण तेच जुनं जवळ आहे. जवळचा शेतकरी, असा अर्थ. चिक्कू माणसाला पण पूर्वी नियर म्हणायचे. आणि गाडीच्या डाव्या बैलाला पण, कारण हाकणारा त्या अंगानं चालायचा. माहेरी करकंबला आमच्या बापाचा डावा बैल होता सर्जा. बाप त्याच्या पाठीवर हात टाकून चालायचा, उजव्याला नुसती हाक. सांगितलं तर सर म्हणाले बरोब्बर, तोच नियर.
हे सगळं त्यांना पाठ आहे. आणि जाताना मला दोनदा विचारलं, आज वार कुठला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
मोटर जळाली. वास आला तवर धूर. रिवाइंडिंगला दिली, चार दिवस म्हणतोय. विकायचीच आहे तर कशाला, असं अनिता म्हणाली. लोकांचे डबे पडलेत की माझ्याकडं.
गल्ली लई गप्प झालीय. दुपारी नरसम्मा दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, कलाक्का, कुणी गेलं का काय वाटलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सर हरवले होते.
संध्याकाळी तळ्याकडं फिरायला जातात, साडेसहाला परत. आज आलेच नाहीत. मी दोनदा त्यांच्या घराला जाऊन आले, कुलूप. पार अंधार झाल्यावर एका रिक्षावाल्यानं आणलं. भला माणूस. म्हणाला, "चाचा बोलते, गिरनी के नजदीक रहता हूँ. मैं बंद पडे सो सब कपडे के गिरन्यां घुमाया, खाला. चाचा बोलते, इतनी बडी नई."
पाणी दिलं, बसवलं. रागानं विचारलं, तीस वर्षांची वाट कशी चुकली. सर म्हणाले, कोपऱ्यापर्यंत आलो होतो. आवाज आला नाही. म्हटलं ही आपली गल्ली नव्हे. पुढं गेलो.
मी त्यांच्यावरच ओरडले, स्वेटर का घातला नाही म्हणून.

१६ नोव्हेंबर, रविवार
मेधाला फोन केला. सरांची लेक, पुण्यात असते. रडली. येत्या रविवारी येऊन घेऊन जाते म्हणाली. मी म्हणाले, त्यांना तिथं काय ओळखीचं हाय बाई, हितं मी बघते की. तर म्हणाली, "काकू, तुम्ही तरी किती दिवस बघणार? तुम्ही गिरणी विकताय ना?"
पोरगी खोटं काय बोलली? फोन ठेवून भांडी घासली. घासलेलीच परत घासली.
सरांनीच सांगितलं असणार. बरोबर तेवढं लक्षात राहतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
मोटर आली. रिवाइंडिंगवाल्याकडं सकाळी जाऊन दुकानातच बसले, माझी कर मगच उठते म्हणून. लई वैतागला.
सर आले, दळून नेलं. आज शिकवणी नाही. पोत्यावर बसून पट्ट्याकडं बघत होते.
संध्याकाळी सव्वासहाला गिऱ्हाईक कुणी नव्हतं. गिरणी सुरू केली. रिकामी फिरवता येत नाही, दगड दगडाला खातो. घरातली ज्वारी घातली. साडेसहाला सर कोपऱ्यावर दिसले. थांबले, मान जराशी वाकडी केली, आणि बरोबर डावीकडं वळले. माझ्याकडं बघितलं पण नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
तीन दिवस झाले, रोज सव्वासहा. घरात पिठाचे डबे भरलेत. जास्त दिवस ठेवलं तर पिठाची विरी जाते, भाकरी थापताना फाटते. नरसम्माला डबाभर दिलं. ती काय, बिड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन बसलेली, हात चालू आणि तोंड पण.
"कुणाचं लगीन हाय गं, एवढं दळतीयास?"
"तुजं."
"मग सरळ म्हन की, विकनार न्हाय."
"मी असं कुटं म्हनलं?"
"तू न्हाय म्हनलीस. गिरनी म्हनतीया."
आगाऊ. पन्नास वर्षं झाली सोलापुरात, घरात तेलगू बोलते आणि माझ्याशी भांडायला मराठी.
रात्री अनिताला सगळं सांगितलं. वाटलं चिडेल. ती म्हणाली, लहान असताना मी गिरणीच्या आवाजात झोपायचे, बंद झाली की जाग यायची. आणि लगेच म्हणाली, पण आई, तुझा गुडघा. दोन्ही खरंच आहे. ह्यांच्या फोटोकडं बघितलं. ते काय बोलणार, जिवंतपणी कधी बोलले?

२२ नोव्हेंबर, शनिवार
उद्या सकाळच्या गाडीनं मेधा येणार. परवा जागेवाला. त्याचा आज फोन आला, ताई, कागद तयार आहेत. मी म्हणाले, उद्याचा दिवस जाऊ दे. म्हणाला, म्हणजे हो का नाही? मी फोन ठेवला.
संध्याकाळी सर आले. मंगळवार नसताना. डबा हातात, झाकण घट्ट लावलेलं. उघडला तर आत काही नाही. त्यांच्याकडं पाठ करून माझी ज्वारी घातली, गिरणी सुरू केली. ते पोत्यावर बसले. हात पुढं करून पीठ बोटावर घेतलं, चोळून बघितलं, बारीक आहे म्हणाले. बाई असताना असंच बघायचे, मग बाई डाफरायच्या.
मग मला विचारलं, अगदी शाळेतल्या पोराला विचारावं तसं, "तुम्ही कुठं राहता?"
"हितंच की सर."
"हितंच म्हणजे? पत्ता सांगा. नियर काय?"
माझ्या पाटीवर माझंच नाव. मी कशाजवळ राहते हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. दळण संपत आलं होतं, वरनं आणखी एक डबा ज्वारी ओतली.
मी म्हणाले, "तुमच्या घराजवळ."
सरांनी मान हलवली. बरोबर आलं म्हणून का नुसतीच, कळलं नाही. डबा भरून दिला, त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. गिरणी बंद केली नव्हती. वरच्या तोंडात अजून दोन किलो तरी होती.