तालमीतला गोरा

प्रिय लुशियस काका,

पाकिटावर माझं अक्षर बघून वाईट बातमी असेल असं वाटलं असेल, म्हणून आधी हे सांगते: बाबा आहेत. जेवतात, हिंडतात, दाढी नीट झाली नाही म्हणून माझ्यावर डाफरतात. मी फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही 'बरंय, बरंय' म्हणता आणि ठेवून देता. नाताळच्या कार्डावर तरी काय, तर 'अजून जिवंत आहे', एवढंच. तेवढ्यावरसुद्धा बाबा खूश असतात. कार्ड फ्रिजवर लावतात आणि पुढचं येईपर्यंत कुणाला हात लावू देत नाहीत.

खरं सांगायचं तर काका, माझा जीव थाऱ्यावर नाही. बाबांची आठवण आता भरवशाची राहिली नाही. काय विचारायचं ते आत्ताच विचारून घ्या, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून माझी लेक नायला फोन टेबलावर ठेवून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करते. ऑगस्टमध्ये सगळं घराणं जमेल तेव्हा ऐकवायचं, असं तिच्या मनात होतं. सुरुवात छान झाली. दुकानात काळ्या पोरांना बूट पायात घालून बघू देत नसत, म्हणून आजी खाकी कागदावर तुमची पावलं कशी काढून न्यायची, थिएटरात काळ्यांसाठीच्या वरच्या माळ्यावर बसून तुम्ही दोघं खाली शेंगांची टरफलं कशी टाकायचात, हे सगळं बाबांनी हसून हसून सांगितलं. मग नायलानं विचारलं, "आजोबा, त्या काउंटरवर जाऊन बसलात तेव्हा भीती वाटली का हो?" चर्चमध्ये दर वर्षी ज्याच्यासाठी टाळ्या पडतात, ते काउंटर. जिथं आपल्याला सुईदोरा विकत मिळायचा, पण स्टुलावर बसून कॉफी मिळायची नाही. बाबा म्हणाले, "मी कुठं बसलो गं? मी गोरा होतो."

तुम्हाला हे नव्यानं काय सांगायचं! पण आम्हाला पत्ताच नव्हता, की शनिवारी गोऱ्यांच्या काउंटरवर जाऊन बसायचं आणि मार खाऊनही हात उचलायचा नाही, याची आधी तालीम व्हायची. चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्च्या ओळीनं मांडायच्या, पोरापोरींनी चांगले कपडे घालून बसायचं, हात टेबलावर, नजर समोर. आणि कुणीतरी गोऱ्या गुंडाचं काम करायचं. आवाज मोठा, अंग दांडगं, म्हणून ते बाबांच्या वाट्याला आलं. आपल्याच माणसांना शिव्या घालायच्या, केसांत साखर ओतायची, डोक्यावर कोमट कॉफी, खुर्ची ओढून खाली पाडायचं. जो हात उचलेल किंवा उलट बोलेल, तो शनिवारी काउंटरवर जायचा नाही. तालीम संपली की हेच बाबा पोरींच्या केसांतली साखर धुवायला पाणी आणून द्यायचे. आई म्हणायची ना, "ज्यानं डोक्यावर कॉफी सांडली त्याच्याशीच लग्न केलं मी"? आम्हाला वाटायचं, बाबा धांदरट होते.

आता खरी काळजी सांगते. गेले दोन महिने बाबा मधूनच त्या तळघरात परत जातात. एकदा न्याहारीला मी समोर बसले होते आणि त्यांचा आवाज बदलला. काका, तो आवाज आपल्या घरातला नव्हता. गोरे आपल्याला द्यायचे ती शिवी मला दिली, साखरेचं भांडं माझ्या डोक्यावर रिकामं केलं. त्यांना सांभाळायला येणारी मेम्फिसची मुलगी आपल्यासारखी काळीच आहे, तिलाही तो शब्द वापरला. "माझ्या आजोबांच्या वयाचा काळा माणूस मला असं बोलतो?" म्हणून ती पर्स उचलून निघालीच होती, हातापाया पडून थांबवली. नायला तर खोलीत जाऊन रडली. चर्चमध्ये असं काही बोलले तर? या भीतीनं मी हल्ली त्यांना रविवारी घरीच ठेवते, आणि ते टोपी घालून दाराशी बसून राहतात. ते बघवत नाही मला.

शेवटी उपाय सापडला तो त्या रेकॉर्डिंगमुळेच. ते सुरू झाले की मी हात टेबलावर ठेवते आणि समोर बघते. ते ओरडतात, खुर्ची हलवतात, मग थांबतात, खांद्यावर थोपटतात आणि स्वतःच्या आवाजात म्हणतात, "शाब्बास पोरी. शनिवारी ये." मग शांतपणे जेवायला बसतात. मी पास, नायला पास, मेम्फिसवाली तर पहिल्याच झटक्यात पास! पण नंतर ते रिकाम्या खुर्चीकडे बघतात. "लुशियस कुठंय? त्याला परत बसवा. त्याची परीक्षा परत घ्यायचीय." मी म्हणते, काका क्लीव्हलंडला असतात. मग घास गिळत नाहीत.

तुम्ही बाबांचा पुढचा दात पाडलात आणि क्लीव्हलंडची बस धरलीत, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. भांडण गाडीवरून झालं असं आजी सांगायची. परवा सकाळी बाबा अगदी भानावर होते. नायलाला म्हणाले, "ते सुरू कर, पोरी." आणि बोलले. तुम्ही लहान असताना आजीला बोलवायला तिच्या गोऱ्या मालकिणीकडे गेला होतात. ती मागच्या पायरीवर बसून, वेगळ्या ठेवलेल्या टवका उडालेल्या ताटलीतून जेवताना दिसली. घरी येऊन ते तुम्ही फक्त भावाला सांगितलंत, रडत रडत. तालमीत साखर, कॉफी, शिव्या, सगळं तुम्ही गिळलंत. हललासुद्धा नाहीत. तेव्हा बाबांनी वाकून तुमच्या कानात त्या ताटलीचा विषय काढला, आणि तुमचा हात उठला.

पुढचं त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण मला दुसरे सुचत नाहीत. "काउंटरवरच्या कुठल्या गोऱ्याला त्या ताटलीचं ठाऊक असणार होतं? कुणालाच नाही. पोरगं पास झालं होतं. सगळ्यांत चांगलं तेच बसलं होतं. पण शनिवारी ते लोक सायकलच्या साखळ्या घेऊन येणार, असं कानावर आलं होतं. आईला मी काय तोंड दाखवलं असतं? म्हणून मीच त्याला नापास केलं. सगळ्यांसमोर भित्रा, तापट म्हणून घरी घालवलं. आणि खरं सांगायला गेलो तर बस सुटलेली."

नायलानं हे कुणालाही ऐकवलेलं नाही. तुम्ही ऐकल्याशिवाय ऐकवायचंही नाही, असं आम्ही ठरवलंय. पण काका, पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. बाबांचे शब्द आता आठवड्याआठवड्याला कमी होताहेत. ऑगस्टपर्यंत थांबलात तर 'शाब्बास' राहील की नाही, सांगता येत नाही. नातवाला घेऊन या, गुडघ्यांची सबब सांगू नका. या आणि त्या खुर्चीवर बसा. ते बोलतील, साखर ओततील, कदाचित ती ताटलीसुद्धा परत काढतील. तुम्ही फक्त हात टेबलावर ठेवा. कॉफी मी कोमटच करीन.

वाट बघणारी,
तुमचीच पुतणी,
आर्डिलिया