त्रितोनाचं भिंग आणि आमची मथुरा

मी, आनंदराव लक्ष्मण कापगते, वय वर्षे अठ्ठावन्न, राहणार सुपेला, भिलाई, पूर्वी पोलाद कारखान्यात भट्टीवरचा फोरमन, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, सकाळचा चहा पिऊन, शुद्धीत लिहवून ठेवत आहे. मोतीबिंदूपायी माझ्या दोन्ही डोळ्यांची भिंगं काढलेली आहेत. जाड चष्म्यातून जग पाण्याखाली असल्यासारखं हलतं, डोकं मात्र जागेवर आहे.

१. सुपेल्याचं दोन खोल्यांचं घर, विहीर व पेरूचं झाड माझ्या पश्चात मथुरेला मिळावं. माझी दिवंगत पत्नी शेवंता विधवा होती; तिच्याशी माझा पाट लागला, तेव्हा पहिल्या घरची ही आठ वर्षांची मुलगी तिच्यासोबत आली. माझा पुतण्या चंपत म्हणतो, "पाटाच्या बायकोसंग आलेली पोट्टी, तिले कायचा हक्क?" त्यानं पुढचं कलम गप्प बसून ऐकावं.

२. कारखान्यात रशियन साहेबांच्या दुभाषी वेराबाई होत्या, प्राणिशास्त्र शिकलेल्या. माझ्या ऑपरेशननंतर त्यांनी मला त्रितोनाची हकीकत सांगितली. त्रितोन म्हणजे बेडकाचा शेपटीवाला भाऊबंद. तो अंड्यात असताना डोळ्याची वाटी मेंदूतून वर येते, बाहेरच्या कातडीला टेकते आणि त्या कातडीचं भिंग होतं. मोठेपणी ते भिंग काढलं तर कातडी काही करत नाही. बुबुळाच्या वरच्या काठावरच्या पेशी आपला काळा रंग टाकून देतात, तिथून एक थेंब लोंबू लागतो आणि त्याचं नवं भिंग होतं. खालच्या काठावरून कधीच नाही. "पहला लेंस हो या नया, दोनों से बराबर दिखता है, आनंदराव," बाई म्हणाल्या. "मेरा भी आएगा क्या?" असं मी विचारलं, तर इतक्या हसल्या की चहा सांडला.

तेव्हापासून दुपारी डोळा लागला की मी आमच्या कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या गावच्या तलावात असतो. वरून हिरवा उजेड झिरपतो. डोळ्यात थेंब हळूहळू भरत जातो, आणि पहिली दिसते ती पायरीवर उभी असलेली मथुरा. ती माझ्या रक्ताची नाही. पण शेवंता गेल्यावर मला घर पुन्हा घर दिसलं ते तिच्यामुळे. चंपत, हे माझं उत्तर.

३. भिलाईच्या शाळेत मथुरेचं नाव घालताना बाबूंनी बापाचं नाव विचारलं. मी खरेपणाच्या तोऱ्यात तिच्या मयत बापाचं सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि घरी येईपर्यंत माझ्यापासून दहा पावलं मागे चालली. चूक माझी होती. मला त्याची आजही लाज वाटते.

४. भट्टीत बघायची माझी निळी काच चंपतला द्यावी. तोही भट्टीवर आहे आणि उघड्या डोळ्यांनी जाळ बघतो. गाढवा, डोळे सांभाळ.

५. मला अग्नी मथुरेनं द्यावा, अशी इच्छा आहे. काल विचारलं तर म्हणाली, "पाहू, काका." तिनं नाही म्हटलं तर कोणी जबरदस्ती करू नये. घर तरीही तिचंच.

मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

(सही) आनंदराव लक्ष्मण कापगते
दुर्ग, दि. १२ मार्च १९६६

साक्षीदार:
१. बाबुलाल बिसेन, शेजारी
२. चंपत कापगते, पुतण्या. मजकूर ऐकला. मले पटला नाही. पोट्टी अग्नी देवो का न देवो, खांदा मी देईन.