पाच सेकंदांत बाहेर येणारी टेप

ती. मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात घातला आहे, कारण प्रत्यक्षात कंबर धरली आहे. गेले नऊ दिवस मी टेबलाखाली होतो. का, ते पुढे येईल.)

तुझा गुडघा, काकांचा रक्तदाब आणि शेजारणीशी चाललेलं तुझं भांडण, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. काकांनी नवी कवळी लावायला घेतली, की ती अजून पेल्यातच विश्रांती घेते? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. हातानं लिहिलेलं पत्र बघून भाचा सुधारला असं समजू नकोस. ज्या कॉम्प्युटरवरून तुला ई-मेल जायची, तो माझ्यासमोर पोट उघडून पडला आहे.

तू चिकटवून दिलेली नोकरी अजून आहे, हे आधी सांगून टाकतो. दुकानातल्या जोड्यांना जे पाय जुमानत नाहीत, त्यांच्यासाठी जोडे बनवायचं आमचं काम तसंच चाललं आहे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली, कुणाची टाच अपघातात निम्मी गेलेली. मास्तर माप घेतात, ते कॉम्प्युटरमध्ये जातं, त्यावरून लाकडाचा फर्मा कापला जातो आणि फर्म्यावर जोडा चढतो. फर्मे साठवायला जागा नाही म्हणून जोडा झाला की ते मोडीत काढतो. माप असलं की नवा फर्मा केव्हाही निघतो. मापांचे कागदही पूर्वी असायचे. ते धूळ खातात, आता कॉम्प्युटरमधली मापं दर आठवड्याला चुंबकी टेपवर उतरतात, कागद कशाला, असं मालकीणबाईंना पटवून ते रद्दीत घालणारा शहाणा म्हणजे अस्मादिक. मला इथे सगळे इंजिनिअर म्हणतात. मी ती चूक अजून दुरुस्त केलेली नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरंही फारसं काही दुरुस्त केलेलं नाही.

तू दोन दिवस येऊन टेप ड्राइव्ह बसवून दिलास, तेव्हाचं सगळं मला आठवतं. (तीस वर्षं मशीनच्या खोलीत ताटाएवढ्या टेपा फिरवलेली बाई आमच्या वहीएवढ्या ड्राइव्हला 'हे खेळणं' म्हणाली होती, आणि मास्तर त्यावर खूश झाले होते.) दर शुक्रवारी टेप घाल, आणि महिन्यातून एकदा टेपवरची एखादी फाइल परत उतरवून बघ, ठेवलं म्हणजे असतं असं नाही, हे तू तीनदा सांगितलंस. मी तीनदा मान हलवली. मान हलवण्यात मी लहानपणापासून तयार आहे.

तर गेल्या पंधरवड्यातल्या सोमवारी, सकाळी सकाळी, काही एक कारण नसताना मी आमच्या कॉम्प्युटरची सिस्टीम बदलली. कारण नव्हतंच असं नाही. नवी सिस्टीम दिसायला छान होती. जुनी डिस्क साफ पुसली, नवी सिस्टीम चढवली, हात झटकले आणि आता टेपवरून सगळ्यांचे पाय परत आणू म्हणून टेप ड्राइव्हला हाक मारली. ओ आली नाही. पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत एक वाक्य आलं, त्याचा मथितार्थ असा की कर्नलला असा कुठला ड्राइव्ह माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नाही.

(काका हे पत्र मोठ्यानं वाचून मागतील, म्हणून त्यांच्यासाठी: कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला मुख्य कारभारी, आणि ड्रायव्हर म्हणजे त्याचा दुभाष्या. दुभाष्या नसेल तर कारभाऱ्याला टेप ड्राइव्हची भाषा कळत नाही. नव्या सिस्टीममध्ये आमच्या ड्राइव्हचा दुभाष्या म्हातारा झाला म्हणून कामावरून काढून टाकला होता. काकांना त्याच्याबद्दल सहानुभूती वाटेल.)

तुला तेव्हाच फोन का केला नाही? कारण तू पहिला प्रश्न कुठला विचारशील ते मला माहीत होतं. त्याऐवजी मी टेबलाखाली गेलो. केबल बदलली. केबल उलटी लावली. उलटी लागतच नाही हे कळायला अर्धा दिवस गेला. जुना ड्रायव्हर शोधून नव्या कर्नलमध्ये घातला, तर कर्नलनं तो गिळला आणि अख्खं यंत्र निपचित पडलं. दुसरा घातला, तर 'ड्राइव्ह सापडला' असं आलं आणि लगेच 'ड्राइव्ह हरवला' असं आलं, आणि दिवसभर त्यांचा लपंडाव चालला. फोनवरून इंटरनेटवर शोधलं, तर अगदी आमच्यासारखाच ड्राइव्ह, अगदी हीच चूक, असा एक समदुःखी सापडला. त्यानं एकोणीस वर्षांपूर्वी आपलं रडगाणं सविस्तर लिहिलं होतं आणि खाली दुसऱ्या दिवशी एवढंच: 'सुटलं. सगळ्यांचे आभार.' काय सुटलं, कसं सुटलं, अवाक्षर नाही. मी त्याला फोनवरूनच निरोप पाठवला. त्याच्या मुलीचं उत्तर आलं की बाबा निवृत्त झाले, आता ते मधमाश्या पाळतात आणि त्यांना काही आठवत नाही.

या नऊ दिवसांत मी कर्नलला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. आगाऊ, हेकट, कृतघ्न, हे त्यातले सौम्य शब्द. मालकीणबाई दिवसातून दोनदा येऊन टेबलाखाली वाकून बघत आणि काळजीच्या आवाजात विचारत, "जमतंय का हो?" मी केबल तोंडात धरून हुंकार देई. (बोलायची वेळ येऊ नये म्हणून केबल तोंडात धरायची, हे माझं मला सुचलं.)

सगळ्यात वाईट होते ते चौकातले हवालदार. कारखान्यासमोरच्या चौकात दिवसभर उभे राहून वाहनं सोडतात ना, ते. त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा तीन बोटं आखूड आहे आणि टाच आत वळलेली. दोन वर्षांपूर्वी त्यांचा जोडा मास्तरांनी अकरा वेळा घालून, काढून, खरवडून जमवला होता. पहिल्यांदा तो घालून ते चौकात गेले त्या दिवशी मास्तर काम टाकून दारात उभं राहून बघत होते. तो जोडा आता उसवला आहे, तळ गेला आहे. नवा हवा, पण माप कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे टेपवर. त्याच जोड्यावरून माप घ्या ना, असं मी सुचवलं. मास्तर म्हणाले, "झिजलेला जोडा खोटं सांगतो." त्यामुळे हवालदार फाटक्या जोड्यात पुठ्ठा घालून उभे राहतात, आणि मी दिसलो की सगळी वाहनं थांबवून मला आधी रस्ता देतात. यंत्राशी झुंजणारा माणूस म्हणून. असा मान मला माझ्या लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

नवव्या दिवशी दुपारी एका जुन्या ड्रायव्हरमधल्या दोन ओळी बदलल्या आणि मावशी, ड्राइव्हचा हिरवा दिवा लागला. मी ओरडलो. सगळे धावत आले. शिवणकाम करणारी बाई सुई हातात घेऊनच आली. मी कपाटातून पहिली टेप काढली, ती घरघरली, आणि पडद्यावर पायच पाय आले. टाळ्या वाजल्या. मालकीणबाईंनी सगळ्यांसाठी चहा सांगितला. मी खुर्चीवर बसून, नऊ दिवसांत पहिल्यांदाच, कर्नल कसा सरळ केला याचं व्याख्यान दिलं. मग दुसरी टेप घातली, गेल्या तीन वर्षांतली. ती पाच सेकंदांत बाहेर आली. पुन्हा घातली. पुन्हा बाहेर.

इथे मला एक जुनी गोष्ट आठवली आणि हातातला चहा थंड वाटू लागला. तीन वर्षांपूर्वी जुन्या टेपा भरल्या म्हणून मी नव्या आणल्या. दुकानात जुन्या जातीच्या नव्हत्या, एक पिढी पुढच्या होत्या. रंग चांगला निळा होता. त्या घातल्यापासून चार तास चालणारं शुक्रवारचं काम पाच सेकंदांत होऊ लागलं. टेप आत जाई आणि लगेच बाहेर येई. मला वाटलं, नवी टेप आहे, वेग जास्त असणार. मी ही प्रगती मालकीणबाईंना सांगितली, त्यांनी कौतुक केलं. तुलाही मोठ्या अभिमानानं कळवली होती. तू उलट लिहिलंस, 'एक फाइल परत उतरवून बघितलीस का?' आणि मी म्हटलं, मावशीचं वय झालं.

दर शुक्रवारी पडद्यावर लाल अक्षरांत एक तक्रार मात्र यायची. ती दिसायला वाईट होती, म्हणून मी एक ओळ लिहून ती कॉम्प्युटरच्या मागे खोचलेल्या, कुणी बघत नाही अशा पेन ड्राइव्हवर वळवून दिली, आणि तिच्या जागी हिरव्या अक्षरांत 'सगळं ठीक आहे' असं येईल अशी सोय केली. परवा ती तक्रार मी पहिल्यांदा उघडून वाचली. दीडशेच्या वर शुक्रवार, दर शुक्रवारी एकच वाक्य: ही टेप या ड्राइव्हची नाही, यावर काहीही लिहिलेलं नाही. ज्या कर्नलला मी नऊ दिवस शिव्या घातल्या तो तीन वर्षं न चुकता खरं सांगत होता, आणि दर शुक्रवारी मला 'सगळं ठीक आहे' सांगणारा गृहस्थ मीच होतो. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी शाळेत दहा वेळा लिहून काढली होती. ती का लिहायला लावली ते आता कळलं.

तीन वर्षांतली आठशे बारा माणसं गेली. म्हणजे सोळाशे चोवीस पाय. (नीट मोजलं तर सोळाशे एकोणीस, पाच जणांना एकेकच आहे.) त्यांत हवालदारांचे दोन.

टेप बाहेर येताना सगळ्यांनी बघितलं, पण का आली ते फक्त मला कळलं. मालकीणबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "कर्नलच बिघडलाय, त्याला तुम्ही काय करणार?" मी मान हलवली.

बाकी सर्व ठीक. तुझी सून कशी आहे? काकांना नमस्कार.

तुझा भाचा

ता. क. मालकीणबाईंना तुझ्याबद्दल फार आदर आहे. दोन ओळी त्यांना लिहून पाठवशील का, की अशा प्रकरणांत दोष बहुतेक वेळा कर्नलचा असतो? 'बहुतेक वेळा' म्हटलं की खोटं होत नाही.

दुसरा ता. क. वरचा ता. क. वाचू नकोस. खोडला असता, पण खोडलेलं तू उजेडात धरून वाचतेस. हे पत्र दोन दिवस खिशातच राहिलं. आज सकाळी चौकात हवालदारांनी वाहनं थांबवली आणि विचारलं, "साहेब, जमलं का?" मी विचारलं, पाय कसा आहे? ते म्हणाले, "सगळं ठीक आहे." त्यांचा डावा मोजा टाचेशी लाल झाला होता. मला पुढे पाऊल टाकवेना. तिथेच, चौकाच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी भोंगे वाजत असताना मी त्यांना निळ्या टेपपासून सगळं सांगितलं. लाज वाटली, खूप वाटली. ते शिट्टी तोंडात धरून ऐकत होते. मग शिट्टी काढून म्हणाले, "मग पुन्हा घ्या की माप. आणि आधी रस्त्यातून बाजूला व्हा." तिथून सरळ मालकीणबाईंकडे गेलो. त्यांनी मला कामावरून काढलं नाही. त्या काय बोलल्या ते मात्र लिहीत नाही, काका मोठ्यानं वाचून मागतात.

तिसरा ता. क., आणि पत्र यासाठीच आहे. मास्तरांना आता सुई ओवता येत नाही आणि हात थरथरतो. आठशे बारा मापं त्यांच्यानं होणार नाहीत. ते म्हणाले, "हरवली तुम्ही, घ्याल तुम्ही. मी शेजारी बसतो." हवालदारांचा पाय मात्र पहिल्याच दिवशी माझ्या हातात द्यायला ते तयार नाहीत. आधी दुसऱ्या कुणाचा तरी जोडा मला पहिल्यापासून शेवटपर्यंत जमवायचा आहे. त्यांचं म्हणणं असं की आमच्या धंद्यात सगळ्यात मोठी अडचण पाय नाहीत, माणसं आहेत. समोर कारागीर गुडघे टेकून बसला की लोक भिडेनं 'ठीक आहे' म्हणतात आणि घरी जाऊन लंगडतात. म्हणून शिकायला असा पाय आणा, ज्याचा मालक भीड ठेवत नाही. माझ्या ओळखीत, अख्ख्या आयुष्यात, असं माणूस एकच आहे. मी रविवारी टेप घेऊन येतो, मोजायची, इंचांची. जोडा चावला की नेहमीसारखी बोल. या खेपेला मी ऐकेन.