गुरुवारचे पोहे

नालवाडी, वर्धा
१२ एप्रिल

प्रिय रक्षा,

या वेळी कुरिअरवाल्याने गोरसपाक बिस्किटांचा डबा न देता नुसतं पाकीट हातात ठेवलं म्हणून तू चमकली असशील. मी विसरले नाही. डबा मुद्दामच पाठवला नाही, त्याचं कारण शेवटी सांगते. आणि फोन सोडून पत्र का, ते तर तुला माहीतच आहे. तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि इकडे माझा फोन लागला की सासूबाई हातातली भाजी निवडायची टाकून शेजारी येऊन बसतात. मला तुझ्याशी एकटीशी बोलायचंय. शाळेचे पेपर तपासून झालेत, घर शांत आहे, आणि सांगायला एक मोठी बातमी आहे.

बातमी अशी, की वडनेरला आपल्या रुपेशच्या लग्नात मी पहिल्या पंगतीत बसून पोटभर जेवले. हसू नकोस. सोनूची परीक्षा आहे म्हणून तू आली नाहीस, नाहीतर तुझ्या डोळ्यांनी पाहिलं असतंस. सगळ्यात शेवटी, भांडी घासायला पडल्यावर, उभ्या उभ्या दोन घास खाणारी तुझी नलूताई वऱ्हाडी मंडळींच्या मध्ये ताट पुढे घेऊन बसली होती. ही बातमी कशी काय झाली, ते कळायला तुला जरा मागे यावं लागेल.

माझे उपास तुला माहीत आहेत. धनंजयच्या बाळंतपणात अंग सुटलं ते उतरलंच नाही. तेव्हा सोमवार धरला, मग महाराजांचा गुरुवार, मग चतुर्थी, एकादशी. सासूबाईंना कोण कौतुक! कमलाबाईंची सून म्हणजे देवभोळी, असं सगळ्या नालवाडीत झालं. शेजारच्या बायका आपल्या सुनांना माझं उदाहरण द्यायच्या. एवढे उपास करूनही ही बाई बारीक कशी होत नाही, हे मात्र कुणी विचारलं नाही. मी सांगते. दुपारी शाळेतून आले की सासूबाई झोपलेल्या असायच्या. मी पर्ससुद्धा खाली न ठेवता स्वयंपाकघरात जायची आणि दाराकडे पाठ करून खायची. सकाळच्या पोळ्या तूप-साखर लावून, मग चिवडा, मग धनंजयची बिस्किटं, मग काहीच उरलं नाही तर शेंगदाणे आणि गूळ. चव लागायची नाही. पोट दुखायला लागलं की थांबायची. संध्याकाळी सगळ्यांना गरम वाढून सांगायची, मला आज भूकच नाही. दुसऱ्या दिवशी उपास. यांचा तंबाखूचा खर्रा सुटत नाही, तर त्याला व्यसन म्हणतात, सगळं घर त्यावर बोलतं. माझ्या तोंडाला कसलाच वास येत नव्हता, म्हणून माझं कुणाला कळलं नाही.

मागच्या वर्षी मेडिकल कॉलेजातून एक अभ्यास करणारी मंडळी आमच्या शाळेत आली. खाण्यावरचा ताबा सुटणं, वाढतं वजन, मनावरचा ताण, असा विषय. त्यातली डॉक्टर अंकिता समुद्रपूरची, शेतकऱ्याघरची मुलगी. ती आम्हा शिक्षिकांना आणि वस्तीतल्या बायकांना एकेकीला बाजूला घेऊन विचारायची, वजन कमी करायला तुम्ही जेवण टाळता का? सगळ्यांचं उत्तर एकच, नाही बाई. मीही तेच सांगितलं, आणि खरं सांगते, खोटं बोलतेय असं वाटलंच नाही. जेवण टाळणं वेगळं आणि उपास वेगळा. महिनाभर ती असंच विचारत फिरली आणि महिनाभर सगळ्या बायका तिला अगदी ठणठणीत सापडल्या.

मग तिने एक बैठक ठेवली, नेमकी गुरुवारी. चहा आणला, बिस्किटं आणली, प्लेट सगळीकडून फिरली आणि होती तशी तिच्याकडे परत आली. ही म्हणे, मला आज उपास. ती म्हणे, मलाही. अंकिता प्लेट हातात धरून आमच्याकडे पाहतच राहिली. मग हळूच म्हणाली, माझी आई पण सोमवार-गुरुवार करते, मला हे आधी कसं सुचलं नाही! तिने खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, बरं, उपास सोडल्यावर काय होतं ते सांगा. ब्युटी पार्लरवाली स्वीटी म्हणाली, "सांगू का मॅडम? दिवसभर महाराजाचं नाव, अन् संध्याकाळी शेंगदाण्याचा डबा रिकामा. मले त वाटते माह्या अंगात कोणी दुसरंच येऊन खाऊन राह्यलं." सगळ्या खो खो हसल्या. मग एकदम कुणीच हसेना.

त्या दिवशी अंकिताने फळ्यावर एक वर्तुळ काढलं. उपाशी राहणं, मग हाव सुटणं, मग लाज, मग पुन्हा उपाशी राहणं. म्हणाली, याला व्यसन म्हणायचं की नाही यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, पण हा तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही, एवढं मी तुम्हाला नक्की सांगते. रक्षा, इतकी वर्षं मी मुलांना फळ्यावर वर्तुळं काढून दाखवते आहे. त्यातल्या एकात मी स्वतः उभी आहे हे मला तेव्हा दिसलं. घरी येऊन मी खूप रडले आणि खूप दिवसांनी, ताट वाढून घेऊन, बसून जेवले.

मग दर आठवड्याला आम्ही जमायला लागलो. देव सोडायला कुणी सांगितलं नाही. महाशिवरात्र आणि आषाढी एकादशी मी आजही करते. पण अंकिता म्हणायची, हा उपास देवासाठी की वजनाच्या काट्यासाठी, ते तुम्हीच ठरवा. वेळेवर खायचं, बसून खायचं, लपवायचं नाही. ऐकायला सोपं आहे. मला सगळ्यात अवघड होतं ते चारचौघांत खाणं, म्हणून माझी परीक्षा ठरली ती रुपेशचं लग्न. आपल्या चंद्रभानकाकासमोर.

आणि काका चुकला नाही. मी बसले न बसले तोच मांडवाच्या त्या टोकावरून ओरडला, "काऊन वं नलू, तू त उपासवाली बाई! आज पह्यल्याच पंगतीत?" लोक वळून पाहायला लागले. उठावं आणि वाढायला लागावं असं वाटलं. याच काकाने तुला लहानपणी प्रत्येक लग्नात भोपळा म्हटलं आणि आपण दोघी चुलीमागे जाऊन जेवायचो, ते आठवलं आणि मी घट्ट बसून राहिले. म्हटलं, "भूक लागली म्हणून बसली, काका. तुमीबी बसा, जागा हाय." तरी त्याचं चालूच, "पाह्य बरं, मावते का तेवढ्या जागेत!" तेव्हा वाढणाऱ्या पोराला मी मोठ्याने हाक मारली, "अरे राजा, काकाले जिलबी वाढ, तोंड रिकामं हाय त्याइचं." पंगत अशी हसली की काका स्वतः हसत खाली बसला. मी वांग्याची भाजी, पोळी, वरण-भात आणि दोन जिलब्या खाल्ल्या. सगळ्याची चव लागली. मग पोट भरलं आणि मी उठले. एवढंच झालं. पण हात धुताना मला वाटलं, आत्ताच वरात काढावी माझी.

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी होती, कारण तो गुरुवार होता. जिलब्यांची भरपाई करायला एरवी मी पाणीसुद्धा मोजून प्यायले असते. सकाळी उठून मी पोहे केले आणि सासूबाईंसमोर बशी घेऊन बसले. त्या म्हणाल्या, "नलू, आज गुरुवार हाय न वं?" म्हटलं, हो आई, माहीत आहे. आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं, दुपारचं, पोळ्यांचं, डब्यांचं. शेजारीच बसलेल्या यांनी ऐकता ऐकता उठून तोंडातला खर्रा बाहेर जाऊन थुंकला. मी म्हटलं, महाराज रागावतील का हो? सासूबाईंनी शेवेचा डबा पुढे ओढला. मग म्हणाल्या, "महाराज त उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाणारे. ते काऊन रागावतीन? खा तू." आणि माझ्या बशीत आणखी शेव टाकली.

अंकिताचा अभ्यास नागपूरच्या परिषदेत वाचला गेला. तिने आपले प्रश्न बदलले, उपासाचा प्रश्न आधी घातला आणि मग बायका बोलायला लागल्या, हे तिने तिथे मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. आम्ही मागच्या खुर्च्यांवर होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा स्वीटीने शिट्टी मारली. माझं वजन विचारू नकोस. थोडं उतरलंय, फार नाही. आता मी काट्यावर चढते ती फक्त अंकिताने सांगितलं तर.

आता डब्याचं. मागच्या दिवाळीआधी मी गोरसपाक पाठवला, तेव्हा तू संध्याकाळी फोन करून म्हणालीस, मुलांनी एका दिवसात फस्त केला. दिवाळीत सोनू फोनवर आला आणि म्हणाला, मावशी, या वेळी गोरसपाक पाठवलाच नाहीस? मी त्याला म्हटलं, विसरले रे राजा. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. पण तेव्हा मला कळलं, की तिकडे नाशिकला तूही दाराकडे पाठ करून उभी आहेस. तुझे लग्नांना न येण्याचे बहाणेही मग कळले. आधी मला स्वतः दाराकडे तोंड करायचं होतं, म्हणून इतके दिवस गप्प राहिले. मे महिन्यात आमच्या शाळेच्या हॉलमध्ये दुसरा गट सुरू होतोय आणि त्यात नव्या बायकांशी बोलायचं काम अंकिताने मला दिलंय. तुझं नाव मी तिला सांगितलेलं नाही, ते तूच सांगशील. सुट्टीत मुलांना घेऊन ये. पहिल्या दिवशी मी तुझ्या शेजारी बसेन. आणि गोरसपाक मी इथे आणून ठेवते. अंगणात, सगळ्यांसमोर, बशीत घेऊन खाऊ. दोघी बसून.

वाट पाहणारी तुझीच,
नलूताई