आईच्या मशीनची मोटर

डंकन,

जेवण ओव्हनमध्ये आहे, गरम करून घे. एल्सी झोपलीये तेवढ्यात लिहितेय. ती उठली की आम्ही दोघी ब्रॅडफर्डला माझ्या बहिणीकडे जाऊ. रविवारी येऊ.

माझ्या आईचा व्हॅक्यूम क्लीनर तू मला न विचारता तुझ्या त्या संग्राहक मित्राला, नॉरिसला, सुट्या भागांसाठी देऊन टाकलास. वर म्हणालास, "कोण वापरतंय तो?" एल्सी वापरत होती. त्याची घरघर ऐकल्याशिवाय ती डोळा मिटत नाही. एकदा जिना चढून आला असतास तर कळलं असतं. तीन दिवस मी तिला खांद्यावर घेऊन फिरतेय, आणि तू खाली तुझ्या संग्रहातल्या जुन्या व्हॅक्यूम क्लीनरचे ब्रश पुसत बसलायस.

नॉरिसने आईचं मशीन एव्हाना सुटं केलं होतं, म्हणून आज त्याला बोलावून निदान मोटर तरी परत मागितली. तो म्हणाला, "अगं पोरी, भागांसाठी दिलेलं आम्ही परत करत नाही. बदल्यात दुसरी मोटर दिलीस तरच."

मी दिली.

"डंकनला विचारलंस का?"

"आमच्या घरात विचारायची पद्धत नाही," मी म्हटलं.

त्याने आईची मोटर एका रिकाम्या सांगाड्यात बसवून दिली. एल्सी दोन मिनिटांत झोपली, मूठ गालाखाली घेऊन.

काचेच्या कपाटातलं तुझं लाल मशीन मी पुसून जागेवर ठेवलंय. बाहेरून काही कळत नाही. शनिवारी संग्राहकांच्या मेळाव्यात त्याची मोटर नॉरिसच्या मशीनमध्ये वाजेल. नीट कान देऊन ऐक.

हॅटी